उताराच्या रानासाठी ट्रॅक्टरची चाकं रुंद करून घेतली: खानापूरच्या एका गॅरेजचा अनुभव

आमचं रान बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला, तांबड्या मातीचं, उताराचं. वर काजू, मधल्या पट्टीत नाचणा आणि रताळी. थोडा ऊस खाली मलप्रभेच्या काठाला आहे, ती जमीन सपाट. ट्रॅक्टर ४५ एचपीचा, मागचे टायर १३.६-२८ (टायरची रुंदी आणि रिमचा व्यास, इंचांत).

तीन वर्षांमागे वळीव पडून गेल्यावर मधली पट्टी उताराला आडवी नांगरत होतो. खालचं चाक जुन्या चरीत उतरलं, त्याच वेळी वरचं दगडावर चढलं. सीट अंगाखालून सरकली असं वाटलं. वळून बघतो तर वरचं चाक अधांतरी फिरतंय आणि टायरच्या दातांतली माती गळतेय. स्टिअरिंग उताराकडे वळवलं म्हणून ट्रॅक्टर सावरला. त्यानंतर मी आडवं नांगरायचं सोडलं आणि उभं नांगरायला लागलो. पण आमच्याकडचा पाऊस नांगराच्या उभ्या तासांतून पाटासारखा पळतो. दोन पावसाळ्यांत खालच्या बांधाशी हातभर माती येऊन साचली आणि वरच्या अंगाला खडक दिसू लागला. आडवंच नांगरायला पाहिजे होतं, पण भीती जात नव्हती.

ट्रॅक्टर कलंडू नये म्हणून आधी एका ठिकाणी चाकं बाहेरच्या बाजूला सरकवून, रुंद करून घेतली होती. त्यांनी मागची चाकं डिस्कसकट (डिस्क म्हणजे रिमच्या मधली लोखंडी तबकडी) उलटी करून त्याच बाजूंना बसवली. त्यामुळे टायरचे दात उलट्या दिशेला झाले, चिखल दातांतच भरून राहायचा आणि चाक जागेवर फिरायचं. पुढच्या चाकांना तर हातही लावला नव्हता. मग चाकं परत होती तशी करून घेतली. तो खर्च वाया गेला.

खानापुरातल्या या मेस्त्रीकडे भाऊबंदातल्या एकानं पाठवलं. त्याने पहिल्यांदा टेप काढला. मागच्या दोन टायरांचं मधोमध ते मधोमध अंतर ५२ इंच भरलं. म्हणाला, "मामा, एवढ्या अरुंद चाकावर आडवं नांगरताय? ६० करूया की." रिमच्या कानांना डिस्क आतून लावायची की बाहेरून, आणि डिस्कचा फुगवटा कुठल्या बाजूला करायचा, यावर अंतर ठरतं. एकेका टप्प्याला ४ इंच वाढतात. आम्ही दोन टप्पे घेतले, म्हणजे दर बाजूला ४ इंच.

काम बघण्यासारखं होतं. पुढच्या चाकांना दगड लावले, ट्रॅक्टर गिअरमध्ये ठेवला, मागच्या अ‍ॅक्सलखाली जॅक आणि जॅकच्या शेजारी जाड लाकडी ठोकळे. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून त्याने एक नटही ढिला केला नाही. डिस्कसकट चाक पलटलं तसं डावं चाक उजवीकडे आणि उजवं डावीकडे नेलं, म्हणजे दातांचा बाण पुढेच राहतो. नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळले, शेवटी टॉर्क पान्याने, म्हणजे ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने. मग प्रत्येक नटावरून डिस्कवर खडूची सरळ रेघ ओढली. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते.

पुढचा अ‍ॅक्सलही दोन्हीकडून भोकं बदलून बाहेर ओढला, टाय रॉड (पुढची दोन्ही चाकं जोडणारा दांडा) तेवढाच लांब केला आणि चाकांचं तोंड, म्हणजे दोन्ही चाकांमधलं पुढचं आणि मागचं अंतर, टेपने मोजलं. वजनासाठी मागच्या टायरमध्ये पाणीही भरून दिलं, व्हॉल्व्ह वर ठेवून त्याच्या पातळीपर्यंत, साधारण पाऊण टायर. मला त्याची एक गोष्ट फार पटली. पुढचा अ‍ॅक्सल मधल्या पिनेवर झुलतो, त्यामुळे ट्रॅक्टर कलंडायला लागला की सुरुवातीला तो काही धरून ठेवत नाही. आधार मागच्या चाकांचाच. म्हणून मागची रुंदी आणि खाली भरलेलं वजन यांचा खरा उपयोग.

सगळ्याला साडेतीन तास लागले, मजुरी १,४०० रुपये. तासभर काम करून परत ये म्हणाला. गेलो तर दोन नटांच्या रेघा सरकल्या होत्या. परत आवळून दिले, पैसे घेतले नाहीत.

फरक नांगराच्या पहिल्याच तासाला कळला. मधली पट्टी मी आता आडवीच नांगरतो, सावकाश, लो गिअरमध्ये, डावा-उजवा ब्रेक एकदम लागावा म्हणून दोन्ही ब्रेकांची कडी लावून. मात्र काजूखालचा उभा तुकडा अजून बैलांनीच करतो. मेस्त्रीनेही बजावलं होतं, "तिथं चाक कितीबी रुंद करा, ट्रॅक्टर घालायचा न्हाई."

तोटे आहेत. बाहेरून बाहेर रुंदी आता सहा फुटांच्या वर गेली. माझा रोटर (माती भुसभुशीत करायचा रोटाव्हेटर) पाच फुटी, दोन्हीकडे चाकाची वाट सहा-सात इंच तशीच राहते, त्यामुळे पुढचं तास चढवून घ्यावं लागतं, डिझेल जास्त जातं. चार फुटी सरीच्या उसात तर चाकं बसतच नाहीत, भरणीला यंदा छोटा ट्रॅक्टर भाड्याने आणला. गॅरेजबद्दल एकच तक्रार: पेरणीच्या तोंडावर गेलात तर दोन-दोन दिवस थांबावं लागतं, मला एक फेरी फुकट पडली. चैत्रात जा, निवांत करून मिळेल. पुढच्या वर्षी ऊस वाढवला आणि चाकं आत घ्यायची वेळ आली, तर मी ट्रॅक्टर त्याच्याच दारात नेणार.