सारा पॅलिनचा तो चष्मा: कावासाकी ७०४, इतक्या वर्षांच्या वापरानंतर

फ्रेम चांगली आहे का असं विचाराल तर हो, खूपच चांगली आहे. २००८ च्या ऑक्टोबरात घेतली आणि अजून घालतेय, मधे फक्त काचा चारदा बदलल्या. पण ह्या चष्म्याबद्दल नुसतं वजन आणि फिटिंग लिहून भागत नाही, कारण पहिले दोन-तीन महिने तो माझा चष्मा नव्हताच, सारा पॅलिनचा चष्मा होता, आणि तिच्याबद्दल लोकांच्या मनात जे काही होतं ते सगळं माझ्या नाकावर येऊन बसलं होतं.

आम्ही तेव्हा ओहायोत, कोलंबसजवळ राहायचो. २९ ऑगस्टला रिपब्लिकन पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार मॅककेननी डेटनच्या सभेत उपाध्यक्षपदासाठी तिचं नाव जाहीर केलं, डेटन आमच्यापासून सव्वा तासावर, तरी ऑफिसमधे कोणालाच ही बाई माहीत नव्हती. अलास्काची गव्हर्नर, वय ४४, पदावर येऊन दोन वर्षंही पूर्ण नाहीत, त्याआधी वासिला नावाच्या छोट्या गावाची मेयर. मग ३ सप्टेंबरला तिचं पक्षाच्या सेंट पॉलच्या अधिवेशनातलं भाषण झालं. त्या दिवशी गणेश चतुर्थी होती म्हणून मला तारीख पक्की लक्षात आहे, सकाळी पूजा करून ऑफिस, संध्याकाळी आरतीला दहा-बारा जण, आणि रात्री सगळे गेल्यावर भांडी आवरता आवरता टीव्ही लावला तर ही बोलत होती. हॉकी मॉम (पोरांना हॉकीला नेणारी आणणारी आई) आणि पिटबुल कुत्र्यामधे फरक काय तर लिपस्टिक, हे वाक्य मी हातात पातेलं धरून ऐकलं. जवळपास पावणेचार कोटी लोकांनी ते भाषण बघितलं म्हणे. मी मात्र खरं सांगते, चष्मा बघत होते.

कारण माझा त्रास वेगळा होता. सव्वातीनचा मायनस नंबर, दिवसभर स्क्रीनसमोर, आणि जुन्या जाड फ्रेमने नाकावर दोन लाल वळ पडायचे ते रात्री झोपेपर्यंत जायचे नाहीत, शिवाय उन्हाळ्यात कानामागे पुरळ, निकेलची ॲलर्जी असावी. तिच्या चेहऱ्यावर तो चष्मा आहे की नाही इतका हलका दिसत होता, कडा नाहीत म्हणजे रिमलेस, चौकोनी काचा, बाजूला जरा रुंद काड्या. दोन-चार दिवसांत पेपरातच आलं की ती जपानच्या कझुओ कावासाकींनी डिझाइन केलेली ७०४ नंबरची टायटॅनियम फ्रेम आहे, किंमत ३७५ डॉलर, नुसत्या फ्रेमची, काचा वेगळ्या. नवरा म्हणाला एवढ्यात भारताचं अर्धं तिकीट येईल. तरी मी नाव नोंदवलं.

दुकानात माझ्याआधी मोठी यादी होती. काउंटरवरची बाई सांगत होती की निम्म्या बायकांना नंबरसुद्धा नाही, त्यांना साध्या काचा घालून हव्यात. माल यायला वेळ लागला आणि तो वेळ फार महत्त्वाचा ठरला, कारण मी नाव नोंदवलं तेव्हा पॅलिन म्हणजे नवलाई होती आणि चष्मा हातात आला तेव्हा अख्खा देश तिच्यावरून दोन बाजूंना उभा होता. मधल्या काळात एवढं घडलं की दर आठवड्याला ऑफिसातल्या जेवणाच्या टेबलावर वेगळं वातावरण. सप्टेंबरच्या सुरुवातीला मॅककेन बऱ्याच पोलमधे पुढे गेलेले. मग १५ तारखेला लेहमन ही मोठी बँक बुडाली. मग टीव्हीवरच्या केटी कुरिकने पॅलिनची घेतलेली मुलाखत, त्यात तुम्ही कुठले पेपर वाचता असा साधा प्रश्न आणि तिला एकाही पेपराचं नाव सांगता येईना. मग २ ऑक्टोबरला ओबामांचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार बायडन यांच्याबरोबरची डिबेट, ती जवळपास ७ कोटी लोकांनी बघितली, म्हणजे ओबामा-मॅककेनच्या पहिल्या डिबेटपेक्षाही जास्त, उपाध्यक्षपदासाठी असं आधी कधीच झालं नव्हतं. आणि शनिवारी रात्री टीव्हीवर टीना फे ही विनोदी अभिनेत्री पॅलिनची नक्कल करायची, ती पण तसाच रिमलेस चष्मा घालून.

तर अशा वेळी मी तो घालून सोमवारी ऑफिसला गेले.

आमच्या टीममधली एक बाई, जिच्याबरोबर मी रोज कॉफी घ्यायचे, तिने बघितलं आणि हसलीच नाही. दोन दिवसांनी विचारलं, तू तिच्या बाजूची आहेस का? मी म्हटलं अगं आम्हाला मतच नाही, एच-वन व्हिसावर आहोत, चष्मा हलका आहे म्हणून घेतला. तिला ते पटलं नाही. तिचं म्हणणं असं की जिला नदीवरच्या पुलाबद्दलही खरं बोलता येत नाही तिचं मी कौतुक करतेय. (पूल नदीवरचा नव्हता खरं तर, अलास्कातल्या केचिकनहून ग्रविना बेटावर जाणारा होता, पण मुद्दा बरोबर होता, २००६ च्या प्रचारात पॅलिन त्या पुलाच्या बाजूने बोलली होती आणि २००८ ला सांगत होती मी नको म्हणाले.) त्यानंतर आमची कॉफी बंदच झाली, ती निवडणुकीनंतर पुन्हा सुरू झाली पण पहिल्यासारखी नाही.

आणि त्याच आठवड्यात किराणा दुकानात रांगेत पुढे एक बाई, बरोबर सात-आठ वर्षांचा मुलगा, त्याला डाउन सिंड्रोम होता. तिने मागे वळून चष्मा बघितला आणि एकदम माझा हात धरला, म्हणाली किती बरं वाटलं. पॅलिनचा धाकटा मुलगा तसाच, एप्रिलमधे जन्मलेला, तिने त्याला स्टेजवर घेतला होता आणि अशा मुलांचे आईबाप तिच्या सभांना पोरांना घेऊन यायचे. ह्या बाईने सांगितलं की मी आयुष्यात कधी सभेला गेले नव्हते, आता दोनदा जाऊन आले, पहिल्यांदा कोणीतरी स्टेजवरून माझ्या घरासारखं घर दाखवलं. मी तिला सांगू शकले नाही की मी फक्त नाकावरच्या वळांसाठी हा घेतलाय. तो मुलगा माझ्या काडीला हात लावायला बघत होता, मी चष्मा काढून त्याच्या हातात दिला, त्याने तो नीट, दोन्ही हातांनी धरला.

मला पॅलिन आवडली होती का? नाही. पेपरवाल्या प्रश्नानंतर तर मला तिची काळजीच वाटायला लागली, आणि मॅककेन ७२ वर्षांचे, म्हणजे ही खरंच अध्यक्ष होऊ शकते हा विचार करून बघितला की पोटात गोळा यायचा. एक्झिट पोलमधे ६० टक्के मतदारांनी सांगितलं की वेळ आली तर अध्यक्ष व्हायला ती लायक नाही, ३८ टक्के म्हणाले आहे. मला ते साठ टक्के बरोबर वाटतात, अजूनही. पण त्या साठमधे जे आले ते सगळे एकाच रस्त्याने आले नव्हते हे मी रोज बघत होते. काहींनी मुलाखत ऐकून, अभ्यास करून मत बनवलं. काहींनी मात्र तिचे केस, बोलण्याची ढब, चष्मा, पाच मुलं, ह्यावरून पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. आणि पलीकडच्या ३८ मधेही तसंच, दिसते छान, आपल्यासारखी बोलते, संपलं. आमच्या ऑफिसातल्या एक वयस्क बाई होत्या, त्यांनी मला सांगितलं की १९८४ ला जेराल्डिन फेरारो उपाध्यक्षपदाला उभी होती तेव्हा तिला मिसिसिपीत एका पुढाऱ्याने तुला ब्लूबेरी मफिन करता येतात का असं विचारलं होतं. त्या स्वतः ओबामांना मत देणार होत्या, पॅलिन त्यांना अजिबात चालत नव्हती, तरी कोणी तिच्या कपड्यांवरून बोललं की त्या टेबलावरून उठायच्या. मला त्यांचं ते फार आवडायचं.

थोरल्या बुशचा उपाध्यक्षपदाचा उमेदवार डॅन क्वेल, त्याचं पण त्यांनीच सांगितलं, १९८८ ला त्याची एवढी टर उडवली, डिबेटमधे समोरचे उमेदवार बेंट्सननी त्याला तुम्ही केनेडी नाही असं तोंडावर सुनावलं, आणि तरी बुश ४० राज्यं जिंकले. म्हणजे लोक उपाध्यक्षावरून भांडतात खूप, मत मात्र बहुतेक वरच्या नावाला देतात.

आता चष्म्याचं. डिझाइन करणारे कावासाकी मूळचे जपानमधल्या फुकुइचे, अपघातानंतर व्हीलचेअर वापरतात, त्यांनी टायटॅनियमची व्हीलचेअरसुद्धा डिझाइन केलीय जी न्यूयॉर्कच्या मोमा ह्या आधुनिक कलेच्या म्युझियममधे आहे. हे वाचल्यावर मला फ्रेमचा हलकेपणा कळला, जो माणूस रोज शरीरावर वजन कुठे पडतं ह्याचा विचार करतो त्याने ही बनवलीय. फ्रेम बनते मासुनागा कंपनीत, तीही फुकुइतलीच, १९०५ पासूनची. हिवाळ्यात बर्फामुळे शेती बंद, म्हणून गावातल्या लोकांना हाताला काम हवं यासाठी तिथे चष्मे बनवायला सुरुवात झाली, आणि आज जपानमधे बनणाऱ्या बहुतेक सगळ्या फ्रेम तिथूनच येतात. काड्या कानावर नुसत्या टेकतात, चिमटा घेत नाहीत. नाकावरचे वळ पंधरा दिवसांत गेले. कानामागचं पुरळ परत आलं नाही. रंग उडालेला नाही, गंज नाही, काडीच्या आतली अक्षरं तेवढी पुसट झालीत.

त्रास झाला तो काचांचा, आणि तो फ्रेमचा दोष नव्हता. पहिल्या दुकानाने पैसे वाचवायला म्हणून साध्या प्लास्टिकच्या काचा बसवल्या, रिमलेसमधे काचेलाच भोक पाडून स्क्रू लावतात, तर चार महिन्यांत डाव्या भोकापासून केसासारखी चीर सुरू झाली आणि एका सकाळी पुसताना तुकडाच हातात आला. दुकानदार म्हणाला तुम्ही दाबलं असेल. दुसऱ्या ऑप्टिशियनने बघितल्याबरोबर सांगितलं, ह्याला पॉलीकार्बोनेट किंवा ट्रायव्हेक्स ह्या चिवट प्लास्टिकच्याच काचा पाहिजेत. तेव्हापासून तेच घेते, परत कधी चीर गेली नाही. नंबर पाचच्या वर असेल तर मात्र विचार करा, मायनसची काच कडेला जाड होते आणि इथे लपवायला कडा नाही, बाजूने बघणाऱ्याला सगळी जाडी दिसते. स्क्रू दर सहा महिन्यांनी आवळून घ्या, नोज पॅड वर्षातून एकदा बदला, आणि चष्मा एका हाताने ओढून काढायची सवय असेल तर ती सोडा.

आणखी एक, काचेचा आकार बदलता येतो, रिमलेस असल्यामुळे ऑप्टिशियन हवा तसा कापून देतो. २००९ च्या जुलैत पॅलिनने गव्हर्नरपद अर्ध्यात सोडायचं जाहीर केलं, त्याच सुमारास माझा नंबर बदलला होता, तेव्हा दुकानातल्या मुलीने आपणहून विचारलं, आता जरा गोल करून देऊ का, म्हणजे कोणी काही बोलणार नाही. मी दोन मिनिटं विचार केला आणि नाही म्हटलं, आहे तोच चौकोनी ठेव.

गेल्या खेपेला काचा बदलायला गेले तेव्हा काउंटरवर विशीतला मुलगा होता. त्याने फ्रेम उचलली, उजेडात धरली, बिजागरी दोनदा उघडमीट केली आणि म्हणाला, फार छान काम आहे, कुठे मिळाली? मी सांगितलं, एका बाईच्या नाकावर बघितली होती टीव्हीवर. त्याने कोण ते विचारलं नाही, नंबर लिहून घेतला आणि ट्रायव्हेक्सचे भाव सांगायला लागला.