म्हाताऱ्या मांजरीचे डोळे दाखवायला ठाण्यातलं हे क्लिनिक: चार स्टार, आणि एक कुठे कापला तेही लिहिलंय

आधीच सांगते, रिव्ह्यू लांब आहे. मी शोधत होते तेव्हा "व्हेरी गुड डॉक्टर, नाइस स्टाफ" यापलीकडे कुणी काही लिहिलेलं नव्हतं आणि मला हवं होतं ते एवढंच, की इथे मांजरीचं बीपी मोजतात का. तर हो, मोजतात, आणि नीट मोजतात. ज्यांना तेवढंच हवं होतं त्यांनी इथून फोन लावला तरी चालेल, बाकीच्यांनी पुढे वाचा.

आमची ठमी पंधराच्या आसपासची. डोळ्यांवर निळसर धुरकटपणा बरीच वर्षं होता, त्याचं काही वाटत नव्हतं. मग डाव्या डोळ्यात, म्हणजे तो जो पिवळा-हिरवा भाग असतो ना त्यात, एक तपकिरी ठिपका दिसायला लागला. आणि या पावसाळ्यात तिसरंच सुरू झालं, भर दुपारी खिडकीत बसलेली असतानाही डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्याच्या मोठ्या, एरवी उन्हात त्यांची बारीक रेघ व्हायची. वॉशिंग मशीनवर उडी मारताना अंदाज चुकायला लागला, रात्री पॅसेजमध्ये उभं राहून मोठ्यांदा ओरडायला लागली. आई म्हणाली अगं वय झालंय तिचं, शेजारच्या काकू म्हणाल्या मोतीबिंदू असणार, आमच्या ह्यांना पण असंच झालेलं. जवळच्या एका डॉक्टरांनी (नाव लिहीत नाही) टेबलावर ठेवल्या ठेवल्या लांबूनच बघून ड्रॉप्स लिहून दिले, ते घालून ढिम्म फरक नाही. मुलुंडची माझी एक मैत्रीण रस्त्यावरची मांजरं सांभाळते, तिने फोनवर एकच प्रश्न विचारला, "बीपी मोजलं का गं?" मला वाटलं चेष्टा करतेय. नव्हती करत. आणि तिनेच या क्लिनिकचं नाव दिलं.

आता इथलं काय आवडलं ते. गेल्या गेल्या वजन नाही, थर्मामीटर नाही, काहीच नाही. मॅडमनी आम्हाला आतल्या छोट्या खोलीत बसवलं, लाइट मंद केला आणि सांगितलं की ताई, बास्केटचं झाकण नुसतं उघडं ठेवा, तिला ओढून काढू नका, मी दहा मिनिटांनी येते. मला आधी वाटलं टाइमपास चाललाय. पण कारण असं की मांजर घाबरलेली असली की बीपी आपोआप वर जातं, आपलं नाही का डॉक्टरांचा पांढरा कोट बघून जातं, तसंच तिचं. म्हणून बीपी सगळ्यात पहिलं, सुई टोचायच्या आधी. पुढच्या पायाला छोटासा पट्टा बांधतात, पंज्याच्या मागचे थोडे केस काढून जेल लावतात आणि पेनासारखं एक यंत्र धरतात, त्यातून रक्ताचा श्श श्श असा आवाज ऐकू येतो (मॅडमनी स्वतः हेडफोन घातला होता, आवाजाने मांजर दचकू नये म्हणून, हे मला फार आवडलं). पट्टासुद्धा पायाचा घेर मोजून निवडला, कारण पट्टा लहान असेल तर आकडा खोटाच जास्त येतो. पहिलं रीडिंग सोडून दिलं, मग पाच-सहा घेतली आणि सरासरी काढली. १९६.

मांजरीचं वरचं बीपी १४०च्या खाली असेल तर ठीक, १६०च्या वर गेलं की ते वाढलेलं धरतात, आणि १८०च्या पुढे म्हणजे डोळे, मेंदू, हृदय, किडनी यांना इजा व्हायचा धोका खूप. आणि पहिला फटका बऱ्याचदा डोळ्यांनाच बसतो, कारण आतल्या पडद्याच्या रक्तवाहिन्या एकदम नाजूक. दाब वाढला की त्यातून पाणी, रक्त झिरपतं आणि पडदा मागून सुटतो. बाहुल्या मोठ्या राहतात त्या म्हणून, आत उजेड पोचला तरी पडद्याला तो कळतच नाही.

मग खोलीत पूर्ण अंधार करून डोळे तपासले आणि हे सगळं करताना मॅडम बोलत होत्या, नुसतं "हं, हं" करून कागदावर खरडणं नाही. निळसर धुरकटपणाचं म्हणाल्या की तो मोतीबिंदू नाहीये, वयानुसार भिंग दाट होत जातं, दोन्ही डोळ्यांत सारखंच दिसतं आणि त्यातून आरपार दिसत राहतं. मोतीबिंदू पांढरा असतो आणि मागचं काही दिसू देत नाही, आणि मांजरांमध्ये तो नुसत्या म्हातारपणाने फारसा होत नाही, जास्त करून डोळ्याच्या आत सूज येऊन गेलेली असते त्यामागून होतो. (काकूंना हे सांगितलंय. पटलेलं नाही.) पण त्या भिंगातून मागे बघितल्यावर उजव्या डोळ्याचा पडदा खालून थोडा सुटलेला आणि डाव्यात रक्ताचे बारीक ठिपके. डोळ्याचं प्रेशरही मोजलं, ते नॉर्मल, म्हणजे काचबिंदू नाही. बुबुळावर जखम नाही ना हे बघायला ती हिरवा रंग सोडणारी पट्टी लावली, आणि इथे मॅडम जरा चिडल्याच, कारण आधीचे ड्रॉप्स स्टेरॉइडचे होते आणि जखम असताना स्टेरॉइड गेलं तर बुबुळ आणखी बिघडू शकतं, त्यामुळे ही पट्टी लावल्याशिवाय तसले ड्रॉप्स लिहायचेच नसतात. जखम नव्हती, नशीब.

तपकिरी ठिपक्याबद्दल मी सगळ्यात जास्त घाबरलेले आणि तोच सध्या सगळ्यात कमी काळजीचा निघाला. वय झालेल्या मांजरांत असे सपाट डाग येतात. पण काही वेळा तो हळूहळू पसरणारा कॅन्सर असू शकतो आणि सुरुवातीला दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी एकाच जागी, एकाच उजेडात, त्याच डोळ्याचा फोटो काढून ठेवायचा. डाग वाढला, उंचवटा आला, बाहुलीचा आकार वाकडा झाला की लगेच यायचं. माझ्या मोबाइलमध्ये आता ठमीच्या डोळ्याचा वेगळा फोल्डर आहे.

प्रश्नही बरेच विचारले. मागे कुठलं अँटिबायोटिक दिलेलं का, कारण एन्रोफ्लॉक्सासिन नावाचं एक आहे ते जास्त डोसमध्ये मांजरीचा पडदा कायमचा खराब करू शकतं. खायला काय देता, दूध-पोळी का? आमच्याकडे बांगडा आणि मांजरांचं कोरडं खाणं असतं म्हटल्यावर ठीक म्हणाल्या. मांजरीला टॉरिन लागतं, ते तिच्या शरीरात पुरेसं बनत नाही, मांस-मासळीतूनच मिळतं, आणि नुसत्या दूध-पोळीवर किंवा कुत्र्याच्या खाण्यावर वर्षानुवर्षं ठेवलं तर डोळ्याचा पडदा आणि हृदय दोन्ही जातं. आमच्या गावाकडे सगळी मांजरं ताकभातावर असतात असं मी म्हटलं, तर म्हणाल्या ती उंदीर खातात हो ताई, म्हणून चालतं.

बीपी वाढण्यामागे म्हाताऱ्या मांजरांत बहुतेक वेळा किडनी किंवा थायरॉइड असतं, म्हणून रक्त-लघवी तपासली. थायरॉइड ठीक, क्रिएटिनिन २.४ आणि लघवी पातळ, म्हणजे किडनीचा आजार, दुसरी स्टेज. ऐकून पोटात गोळा आला खरा, पण मॅडमनी शांतपणे सांगितलं की या स्टेजला बरीच मांजरं खाण्यात बदल करून, बीपी सांभाळून चांगली राहतात, आणि आत्ता घाई आहे ती बीपीची.

औषध काय तर आपलीच बीपीची गोळी, ॲम्लोडिपिन. २.५ मिलिग्रॅमच्या गोळीचा पाव भाग, दिवसातून एकदा. (वाचून आपल्या मनाने देऊ नका प्लीज, बीपी मोजल्याशिवाय नाही.) मेडिकलवाल्याने पेशंटचं नाव विचारलं, मी म्हटलं ठमी, वय पंधरा, तर तो म्हणाला एवढ्या लहान मुलीला बीपी? पूर्ण प्रिस्क्रिप्शन दाखवल्यावर त्याने आतून सगळ्या स्टाफला बोलावून ते वाचून दाखवलं. गोळीचे चार तुकडे करायला कटर घ्याच, सुरीने भुगा होतो. उकडलेल्या चिकनच्या बारीक गोळ्यात लपवून देते, पहिला गोळा साधा, दुसरा गोळीवाला, तिसरा लगेच नाकासमोर धरायचा म्हणजे दुसरा चघळत बसत नाही. ही युक्ती क्लिनिकच्या कंपाउंडरदादांची, त्यांना वेगळा अर्धा स्टार.

आठवड्याने परत बोलावलं तेव्हा बीपी खाली यायला लागलेलं, त्याच्या पुढच्या वेळी १५२. डाव्या डोळ्याची बाहुली आता उन्हात बारीक होते. उजवा डोळा पूर्ण आला नाहीये, त्या बाजूने कापसाचा बोळा वरून सोडला तर तिला कळत नाही (कापूसच का तर आवाज होत नाही, चावी टाकलीत तर ऐकून वळेल आणि तुम्हाला वाटेल दिसतंय, घरी करून बघायला सोपी टेस्ट आहे). पडदा सुटल्यावर जितक्या लवकर औषध सुरू होईल तितका तो परत बसायचा चान्स, उशीर झाला की नाही. रात्रीचं ओरडणं मात्र जवळजवळ थांबलं, आणि घरात सगळ्यात खूश त्यासाठी बाबा आहेत.

आता तो कापलेला स्टार. बाहेर बसायची जागा कुत्र्या-मांजरांना एकच, आणि आत एवढी शांतता पाळणाऱ्या लोकांनी बाहेर एका लॅब्राडोरला ठमीच्या बास्केटमध्ये नाक खुपसू द्यावं हे मला कळलं नाही. एक पडदा लावा, किंवा मांजरवाल्यांना गाडीत थांबायला सांगून फोन करून बोलवा. अपॉइंटमेंट साडेपाचची दिली की सव्वासहा धरा. रिपोर्ट व्हॉट्सॲपवर नुसता पाठवून देतात, त्यात लाल अक्षरात हाय हाय लिहिलेलं वाचून माणूस रात्रभर जागा राहतो, दोन ओळी तरी सोबत लिहाव्यात. किडनीचं खाणं काउंटरवरच विकतात, घ्या अशी जबरदस्ती नाही, पण बाहेर तेच पाकीट मला थोडं स्वस्त मिळालं.

खर्च पहिल्या दिवशी तपासण्या धरून पाच-साडेपाच हजारांपर्यंत गेला, त्यात बीपीचे वेगळे पैसे लावले पण ते फार नाहीत. नंतर नुसतं बीपी बघायला गेलं की पूर्ण फी घेत नाहीत, हे चांगलं आहे, कारण दर दोन-तीन महिन्यांनी जावंच लागतं. ज्यांना एवढं झेपत नाही त्यांच्यासाठी परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहेच, पण ठाण्याहून लोकलच्या गर्दीत म्हाताऱ्या मांजरीला न्यायचं म्हणजे तिचं बीपी काय होईल देव जाणे. डोळ्याचं ऑपरेशन वगैरे इथे होत नाही, तसं काही लागलं तर मुंबईतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी देतात, उगाच स्वतः प्रयोग करत बसत नाहीत.

घरात दहाच्या पुढची मांजर असेल तर डोळे ठीक दिसत असले तरी वर्षातून एकदा बीपी मोजून घ्या, इथे नाहीतर दुसरीकडे, फक्त फोनवर आधी विचारा की मांजरीचं बीपी मोजायचं मशीन आहे का आणि मोजायच्या आधी थांबता का. समोरचा गोंधळला तर दुसरा नंबर लावा. इथे जायचं असेल तर दुपारी अकरा ते एकमध्ये जा, तेव्हा कुत्री कमी असतात. रविवारी बंद. गाडी समोरच्या सोसायटीच्या गेटजवळ लावू नका, वॉचमन हवा काढतो.