डस्टर डिझेलचा टायमिंग बेल्ट: घरी बदलावा की गॅरेजला द्यावा?

१.५ डीसीआय इंजिनबद्दल बोलतोय, यात क्रँक (पिस्टनला जोडलेला दांडा) आणि कॅम (वॉल्व्ह उघडणारा दांडा) एका तालात फिरवायला चेन नाही, बेल्ट आहे आणि तो तुटला किंवा दात सटकले तर पिस्टन वॉल्व्हला भिडतात, मग हेड खोलल्याशिवाय सुटका नाही.

घरी करायचं तर मजुरी वाचते हे खरं, पण त्याहून मोठा फायदा म्हणजे आत काय बसलं ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. वॉटर पंप याच बेल्टवर फिरतो, त्यामुळे नुसता बेल्ट नको, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) आणि पंपासकट अख्खं किट टाका, नाहीतर पंप गळायला लागला की सगळं परत उघडा. अडचण जागेची आहे. उजवीकडचं इंजिन माउंटिंग काढावं लागतं, म्हणजे खालून जॅक लावून इंजिन पेलून धरायचं, आणि कॅम व क्रँक लॉक करायच्या पिना हव्यातच, नुसत्या व्हाइटनरने केलेल्या खुणा जुळवून भागवू नका प्लीज. बेल्ट चढवला की पिना काढून क्रँक पान्याने हाताने दोन फेरे फिरवायचा, पिना परत अलगद बसल्या तरच त्या काढून सेल्फ मारायचा, फिरवताना मध्येच अडकलं तर जोर लावायचा नाही.

गॅरेजला पिना, टॉर्क रेंच सगळं असतं आणि काम एका दिवसात होतं. फक्त जुने पार्ट परत मागा आणि बिलात पंप लिहून घ्या.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये पहिल्यांदाच करणार असाल तर माझं मत सरळ गॅरेज. क्लच, सस्पेन्शन वगैरे आधी घरी केलं असेल तर बिनधास्त करा.