चाकावरचा विंच, एका पावसाळ्यानंतर : ओढ झकास, नट भिकार

चाकावरचा विंच म्हणजे चाकाला बाहेरून बसवायचा ड्रम : दोराचं दुसरं टोक झाडाला किंवा दुसऱ्या पक्क्या आधाराला (नांगराला) बांधायचं, चाक फिरलं की दोर ड्रमवर गुंडाळला जातो आणि रुतलेली गाडी स्वतःच ओढली जाते. माझ्या गाडीच्या डाव्या पुढच्या चाकाचा एक स्टड (चाक ज्यावर नटाने कसलं जातं तो आटेदार दांडा) भातखाचराच्या बांधाशी तुटला आणि विक्रेत्याचं एका शब्दात उत्तर आलं : "ओव्हरलोड." हे पटण्यासारखं नाही. गाडी सुझुकी जिम्नी, तिचं वजन सुमारे १२०० किलो, सामान-माणसं धरून १४००-१५००. चाकं बुडतील इतक्या चिखलातून गाडी काढायला ढोबळमानाने तिच्या वजनाइतकी ओढ लागते आणि इथे ती दोन ड्रममध्ये वाटली जाते. म्हणजे एका दोरावर पाऊण टन. किटवर छापलेली क्षमता याच्या कितीतरी वर आहे. दोष किटबरोबर येणाऱ्या लांब नटांत आहे, म्हणून आधी त्यांच्याबद्दल.

मूळ चाकाचे नट काढून त्यांच्या जागी हे लांब नट बसतात आणि त्यांच्या बाहेरच्या टोकाला ड्रम बोल्टने कसला जातो. सुझुकीचा स्टड १२ मिमीचा, १.२५ पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात नट १.२५ मिमी पुढे जातो. निदान स्टडच्या जाडीइतक्या लांबीचे आटे धरले गेले पाहिजेत, म्हणजे नट हाताने फिरवताना साधारण दहा फेरे बसले पाहिजेत. स्टीलच्या चाकावर तेवढे बसतात. अलॉयच्या (मिश्रधातूच्या) चाकावर मोजा : सहा-सात फेऱ्यांतच नट टेकतो, कारण अलॉयची बैठक (नट टेकतो तो भाग) जाड आणि नटाचा निमुळता शंकू आखूड. त्यात दोराची रेषा या बैठकीपासून नऊ-दहा सेंटिमीटर बाहेर, त्यामुळे स्टडवर नुसता ताण येत नाही, तो वाकवलाही जातो. एक नट सैल असला की बाकी चार वाकतात. तुटलेल्या स्टडचं तोंड पाहिलं तर अर्धं गंजकट काळं आणि अर्धं चकचकीत होतं, म्हणजे तडा आधीच पडलेला होता.

उपाय स्वस्त निघाला. एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडून ईएन-२४ या कणखर पोलादातून दहा नट कातून घेतले : आटे लांब, शंकू ६० अंशांचा, बैठकीपर्यंत पूर्ण जाणारा. विक्रेत्याने मागितलेल्या "हेवी ड्यूटी सेट"पेक्षा हा खर्च बराच कमी. ड्रमचे बोल्टही १०.९ ग्रेडचे (जास्त ताकदीचे) घ्या, किटमधल्यांच्या डोक्यावर ग्रेडच कोरलेला नाही. नट कसण्याआधी शंकू आणि चाकाची बैठक पुसायची, टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्यावर कसायचे, आणि ५० किमीनंतर पुन्हा तपासायचे. बैठकीत वाळूचा एक कण राहिला तरी नट सैल होतो. पंक्चरवाल्याला एअर गन लावू देऊ नका. शहरात हे नट काढूनच ठेवा, चाकाबाहेर आलेला नट कुणाच्या तरी पोटरीला लागतो.

आता कौतुकाचं. १९५/८० आर १५ टायरचा घेर सुमारे २.१७ मीटर. १०० मिमीच्या ड्रमवर ८ मिमी दोराचा पहिला थर एका फेऱ्यात ३४ सेंटिमीटर ओढतो. म्हणजे चाक जमिनीवर जेवढं ढकलू शकलं असतं, त्याच्या साधारण साडेसहा पट ओढ दोरावर. फोर-लोमध्ये (चारही चाकांना जोर, वेग कमी) पहिल्या गिअरवर वेगाचा काटा ५ दाखवतो तेव्हा गाडी ताशी ०.८ किमीने, मिनिटाला तेराएक मीटर सरकते. भाराखाली इलेक्ट्रिक विंच इतका पळत नाही, आणि तो पूर्ण ताकदीला चारशेच्या आसपास अँपिअर खातो. इथे बॅटरीचा संबंधच नाही. शिवाय बंपरचा विंच पुढेच ओढतो, हा मागेही. चिखलात बहुतेकदा मागे जाणंच शहाणपणाचं असतं. दोर मात्र नेहमी ड्रमच्या खालून निघाला पाहिजे, पुढे जायचं असो वा मागे. वरून घेतला तर गाडी हलायच्या आत तो उलगडतो. तिसऱ्या थरावर ओढ पाऊणपट होते, म्हणून नांगर जितका दूर तितका दोर ड्रमवर कमी आणि ओढ जास्त.

डिफ (डिफरन्शियल) एका ॲक्सलच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतो, लॉकर त्यांना एकत्र बांधतो. सुरुवातीला वाटायचं की डिफ लॉकरशिवाय हे खेळणं आहे. मत उलटं झालं. एकाच चाकावर ड्रम लावला तर लॉकर हवाच, नाहीतर दुसरं चाक हवेत भिरभिरतं आणि ड्रमवाल्या बाजूला काही पोहोचत नाही. जिम्नीचा ब्रेक-एलएसडी भिरभिरणारं चाक ब्रेकने पकडतो, पण टप्प्याटप्प्याने, त्यामुळे दोराला हिसके बसतात. एकाच ॲक्सलवर दोन ड्रम असतील तर मात्र ओपन (लॉकर नसलेला) डिफ उत्तम : ज्या बाजूचा दोर सैल, ते चाक जास्त फिरून ढील स्वतःच खातं आणि मग दोन्ही दोरांवर ताण सारखा. लॉकर लागला की चाकं एकत्र फिरतात आणि आखूड दोर सगळा भार घेतो. ज्या महिंद्रा थारच्या मागच्या ॲक्सलवर मेकॅनिकल लॉकर आहे, त्यांना बटण नाही, तो आपोआप लागतो. तिथे एकच लांब दोर नांगराजवळच्या पुलीतून फिरवून दोन्ही टोकं दोन ड्रमना द्या, ताण आपोआप समान होतो. झाडाच्या पट्ट्यावर मात्र दोन्हींची बेरीज येते.

खरी डोकेदुखी पकड मिळते तेव्हा सुरू होते. फोर-लोमध्ये ड्रम नसलेली चाकंही तितकीच फिरत असतात. त्यांच्याखाली दगड आला की गाडी दोरापेक्षा जलद पुढे उडी घेते, दोर सैल पडतो आणि ड्रमच्या आतल्या बाजूला घसरून टायरला गुंडाळला जातो. आतली कडा निदान २०० मिमी व्यासाची हवी, किटमधली त्याहून लहान आहे. दोर लोंबलेला दिसला की ब्रेक, न्यूट्रल, इंजिन बंद, हाताने गुंडाळा, मग पुढे. मॅन्युअल हब (पुढची चाकं ॲक्सलला हाताने जोडायची-सोडायची सोय) असलेल्या मारुती जिप्सीला इथे फायदा : ड्रम मागे लावा, पुढचे हब फ्री ठेवा, फोर-लो टाका. लो रेशिओ मिळतो आणि पुढची चाकं नुसती घरंगळतात. पुढच्या चाकांवर ड्रम लावायचे असतील तर हब आधीच लॉक करा, नंतर हात जात नाही.

मागच्या ड्रमने पुढे ओढू नका, दोर पुढच्या टायरच्या गालाला घासतो. पुढच्या ड्रमने ओढताना स्टिअरिंग सरळ ठेवा. इलेक्ट्रिक विंच भार पेलला नाही तर थांबतो, इथे इंजिन थांबत नाही, दोर तुटतो. म्हणून ॲक्सिलरेटरला हात-पाय न लावता आयडलवर चालवा, दोरावर जाड गोणपाट टाका आणि दोन्ही बाजूंना कुणी उभं राहू देऊ नका. ताण सोडायला ओढीच्या उलट दिशेचा गिअर पुरतो, दोर सावकाश उलगडतो.

दोर डायनीमाचाच (जवळजवळ न ताणणाऱ्या कृत्रिम धाग्याचा) घ्या, गाठ न मारता स्प्लाइस केलेला (पेड एकमेकांत ओवून जोडलेला), कारण गाठीने ताकद जवळपास निम्मी होते. ताणणारा नायलॉनचा कायनेटिक दोर ड्रमवर अजिबात नको. लाल मातीचं पाणी दोरात शिरतं आणि आतून घासतं, प्रत्येक वापरानंतर बादलीत बुडवून खळखळून धुवा. वाळूत हा विंच जवळजवळ निरुपयोगी : दोर ताठ होईपर्यंत चाकं खड्डा खणतात आणि गाडी पोटावर बसते. तिथे हवा १५ पीएसआयपर्यंत उतरवणं आणि फावडं. झाड नसलेल्या काळ्या रानात स्टेपनी मीटरभर खोल पुरून नांगर करावा लागतो. तेवढ्या खणण्यात ट्रॅक्टरवाला आला असता, हेही खरं.

गावाजवळच फिरणाऱ्याने हा घेऊ नये, ट्रॅक्टरवाल्याला द्यायचे पैसे यापेक्षा कमी. ट्रॅक्टर पोहोचत नाही तिथे जाणाऱ्याने घ्यावा, पण लेथचा खर्च आधीच किमतीत धरून. सहा स्टडच्या थारला एका ॲक्सलला बारा नट लागतात, किटमध्ये दहाच येतात, आणि उरलेले दोन वेगळे मागवले तर कुरिअर नटांपेक्षा महाग.