न्यायावरचा ऑनलाइन कोर्स: शिकवणं झकास, क्विझ फालतू

वेगवेगळ्या विचारसरणी समाजातला न्याय कसा बघतात यावरचा एक पेड व्हिडिओ कोर्स नुकताच संपवला, नाव घेत नाही कारण खाली थोडी बोंबाबोंब पण आहे. पाचापैकी साडेतीन स्टार.

सुरुवात अमर्त्य सेन यांच्या बासरीच्या कोड्याने होते. मुलं तीन, बासरी एकच, एकीला ती वाजवता येते, एकाकडे दुसरं खेळणंच नाही, आणि तिसरीने ती स्वतः खपून बनवलीय, तर द्यायची कुणाला? शिकवणाऱ्या बाई उत्तर देतच नाहीत, उलट दाखवतात की तिसरीच्या बाजूने पक्का बाजारवादी पण उभा राहतो आणि श्रमाचं फळ राबणाऱ्यालाच म्हणणारा मार्क्सवादी पण! कायम भांडणारे दोघं एका बाकावर, मजा आली.

सरकारने कमीत कमी ढवळाढवळ करावी म्हणणारा अमेरिकन तत्त्वज्ञ रॉबर्ट नॉझिक, त्याचा भाग तर बेस्टच. समजा सगळ्यांना अगदी न्यायाने पैसे वाटले, मग दहा लाख लोकांनी विल्ट चेंबरलेनचा बास्केटबॉल बघायला खुशीने पंचवीस-पंचवीस सेंट दिले, त्याच्याकडे अडीच लाख डॉलर जमले, आता यात अन्याय नेमका कुठे झाला ते सांगा. मी डावीकडे झुकणारा माणूस, तरी व्हिडिओ पॉज करून बसलो. (पुढे त्याच्या पोरांना जन्मतःच जी आघाडी मिळणार ती त्यांनी कुठे कमावली, हा प्रश्न बाईंनी घ्यायला हवा होता, घेतला नाही.)

न्यायावर लिहिणारा अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स, त्याचा भाग ठीकठाक. तो सगळ्यांना सारखं वाटा म्हणत नाही, तळातल्या माणसाचं भलं होत असेल तर विषमता चालेल म्हणतो, एवढं तरी स्पष्ट सांगितलंय. आणि सामाजिक न्यायाला मृगजळ म्हणणारा बाजारवादी अर्थतज्ज्ञ हायेक किमान उत्पन्नाची हमी मात्र मान्य करायचा, हे आमच्या ग्रुपमधल्या कट्टर उजव्यांना ऐकवायचंय 😄

आता वैताग. परंपरावाद्यांची बाजू उरकून टाकलीय, त्यांचा मोठा विचारवंत एडमंड बर्क आला कधी आणि गेला कधी कळत नाही. घरातलं काम कोण करतं हा न्यायाचा प्रश्न आहे की नाही, यावर स्त्रीवादी विचारवंत सुझन ओकिनने १९८९ मध्येच रॉल्सला धरलं होतं, तिचं नावसुद्धा नाही. आणि शेवटची क्विझ म्हणजे कहर, एवढं सगळं बारकाईने शिकवून हो-नाहीचे प्रश्न विचारतात आणि तुम्ही समतावादी का उदारमतवादी असा शिक्का मारतात. सर्टिफिकेटवर पण तोच शिक्का येतो, म्हणून मी ते डाउनलोडच केलं नाही.