शून्य रिफंडाचे १,०४,६२० कसे झाले, हे मी विचारलंच नाही

लाज वाटतेय, तरी लिहितेय. आयर्लंडहून मास्टर्स करून परत आले, नोकरी लागली आणि रिटर्न भरून देणाऱ्या एका एजंटने मला व्यवस्थित गंडवलं. ऑफिसातल्या तिघांनी त्याचा नंबर दिला होता, तिघांचेही रिफंड आले होते. असे एजंट कसे पसरतात ते तुम्हाला ठाऊकच आहे.

"परदेशात शिकलात ना मॅडम? मग फीवरचा टॅक्स परत मिळतो, तुम्ही मागतच नाही!"

मी अगदीच बावळट नव्हते हो. माझ्या वर्गात कॅनडाची एक मुलगी होती. मायदेशी परतल्यावर परदेशी विद्यापीठाच्या फीवर टॅक्स क्रेडिट घ्यायचं म्हणून ती विद्यापीठाकडून टीएल११ए फॉर्म भरून घेत होती. तिकडे आहे तर इकडेही असेल, असं वाटलं. आपल्याकडे तसलं काही नाही. १९६१ च्या आयकर कायद्यातल्या ८०सी या वजावटीच्या कलमात ट्यूशन फी धरतात ती मुलांची, फार तर दोघांची, तीही भारतातल्याच शाळा-कॉलेजची. स्वतःच्या शिक्षणाला आहे ते ८०ई कलम. त्यात बँकेच्या किंवा मान्यताप्राप्त संस्थेच्या कर्जाचं फक्त व्याज, तेही आठ वर्षं आणि जुन्या कर प्रणालीतच. मुद्दल नाही. मामाकडून घेतलेले पैसे तर नाहीच नाही.

माझं त्या वर्षीचं व्याज होतं ९६,०००. कंपनीने ते आणि पीएफ धरूनच टीडीएस कापला होता. म्हणजे रिफंड शून्य यायला हवा होता. आणि हे मला माहीत होतं! तरी जुलै २०२४ मध्ये त्याने व्हॉट्सअॅपवर चार पानी कॉम्प्युटेशन, म्हणजे कराचा हिशेब, पाठवलं, तेव्हा मी थेट शेवटची ओळ बघितली. रिफंड १,०४,६२०. दुसऱ्या पानावर ८०ईसमोर ४,३०,००० लिहिलेले होते. बँकेला फेडलेली मुद्दल १,५४,००० आणि मामाला परत केलेले १,८०,००० त्याने व्याजात घुसडले होते. त्याच्या वर, पीएफच्या ७२,००० खाली, 'मुलांची ट्यूशन फी ७८,०००'. माझं अजून लग्नही झालेलं नाही! ते पान मी उघडलंच नाही. अंगठ्याचा इमोजी पाठवला आणि ओटीपी सांगितला.

त्याने आधी १,५०० घेतले होते. रिफंड जमा झाला त्याच संध्याकाळी २० टक्के मागितले, म्हणजे २०,९२४. वरचे चोवीस रुपयेसुद्धा सोडले नाहीत. रिफंडावर टक्का मागणारा दिसला की चहाही न घेता उठा.

१४ जुलै २०२५ ला आयकर विभागाने खोट्या वजावटींविरुद्ध देशभर तपासणी केल्याची बातमी वाचली आणि पोटात गोळा आला. पोर्टलवर जाते तर पासवर्ड चालेना. आधार ओटीपीने आत शिरले, तर प्रोफाइलमध्ये ईमेल भलताच. विभागाने काही कळवलं असतं तरी मला कधी दिसलं नसतं. तुमचं प्रोफाइल आज, आत्ता उघडून बघा.

मग खरा सीए गाठला. सुधारित रिटर्नची मुदत जानेवारीतच संपली होती, उरलं होतं अपडेटेड रिटर्न, म्हणजे त्या मुदतीनंतर जादा कर मोजून भरायचं. १,०४,६२० परत, त्यावर व्याज, आणि या दोन्हींच्या बेरजेवर २५ टक्के जादा कर. "नोटिशीआधी आलात ते बरं," तो म्हणाला. चुकीची माहिती दिल्याचा दंड कराच्या २०० टक्के असतो.

आणि तक्रार? पोलिस ठाण्यात साहेब हसले. "पैसे तुमच्याच खात्यात आले ना? मग फसवणूक कसली?" २०,९२४ चा यूपीआयचा पुरावा दाखवला, तर म्हणे ती फी आहे. सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, ओटीपी तुम्ही राजीखुशीने दिला, ठाण्यात जा. दोन अर्ज, तीन अर्ध्या रजा आणि पोच म्हणून एक शिक्का, तोही पुसट. आयकर विभागाच्या हेल्पलाइनवर चाळीस मिनिटं संगीत ऐकल्यावर एकच वाक्य मिळालं, की रिटर्नची जबाबदारी करदात्याची. मान्य! पण तो माणूस शेकडो रिटर्न भरतोय, त्याची जबाबदारी कुणाची? हे विचारलं तर फोन कट. ऑफिसातल्या त्या तिघांना सांगितलं, तर तेच माझ्यावर चिडले.

परवा त्याच्याच नंबरवरून मेसेज आला. "मॅडम, यंदाचं रिटर्न? जुन्या ग्राहकांना १५ टक्के."