विश्रामबागचा स्पोकन इंग्लिश क्लास, एका 'चार्ज'वर दीड तास

सांगलीत विश्रामबागला एक छोटा स्पोकन इंग्लिश क्लास आहे, तिथं तीन महिने जातोय, फी 3500, संध्याकाळी 7 ची बॅच. मी मार्केट यार्डात हळदीच्या आडत दुकानात बिलं आणि मेल बघतो, परराज्यातल्या व्यापाऱ्यांना इंग्रजीतच लिहावं लागतं म्हणून लावला.

आधी दोन ठिकाणी जाऊन आलो, तिथं नुसते टेन्स पाठ करून घ्यायचे. इथं मॅडम रोजच्या वापरातला एकच शब्द घेतात आणि पार मुळापर्यंत नेतात. 'चार्ज'चा दिवस तर मी विसरणार नाही. हा शब्द कुठंकुठं ऐकता म्हटल्यावर आम्ही धडाधड सांगत सुटलो, मोबाईल चार्जिंगला लावला, नव्या साहेबांनी चार्ज घेतला, चार्जशीट, हमालीचा चार्ज. मग मॅडम म्हणाल्या, मूळ लॅटिनमधला 'कारुस' म्हणजे गाडी, त्यावरून गाडीत माल भरणं, आणि फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला. फळ्यावर उसानं भरलेली बैलगाडी काढली आणि एकेक अर्थ तिच्यावर चढवत गेल्या, बॅटरीत वीज भरली, माणसावर जबाबदारी टाकली, कुणावर आरोप लादला, गिऱ्हाइकावर खर्च लादला. 'कार', 'कॅरी', 'कार्गो' पण त्याच घरातले! लाठीचार्जमधला चार्ज म्हणजे चाल करून जाणं. यार्डात रोज ट्रक भरताना बघतो मी, तरी हे कधी डोक्यात आलं नव्हतं, अंगावर काटा आला खरंच.

आणि नुसती गंमत नाही, काम पण झालं. मी एका पार्टीला 'वुई विल चार्ज यू विथ हमाली' असं लिहिलं होतं. 'चार्ज विथ' म्हणजे आरोप ठेवणं, पैसे घ्यायचे तर 'चार्ज फॉर'. त्याच रात्री दुकानाचा मेलचा नमुना दुरुस्त केला. 'इन चार्ज ऑफ' म्हणजे ताबा तुमच्याकडं आणि 'इन द चार्ज ऑफ' म्हणजे तुम्हीच दुसऱ्याच्या ताब्यात, एवढ्याशा 'द'नं सगळं उलटं होतं, हे मला दहावीपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

बॅच मात्र मोठी आहे, तीसेक जण असतात, मागच्या बाकावर नीट ऐकू येत नाही आणि बोलायची पाळी आठवड्यातून एकदाच येते. बॅच निम्मी केली तर हजार रुपये जास्त द्यायला मी तयार आहे, मॅडमना तसं सांगितलंय पण. नवीन जाणाऱ्यांनी दहा मिनिटं आधी जाऊन पुढचा बाक धरा.